चावीवाल्याच्या घरची मोजणी

घराला चिठ्ठी लागल्याचं पत्र आलं तेव्हा सासऱ्यांनी सगळ्यात आधी दाढी केली. अर्ध्या वाटी पाण्यात. मग इस्त्रीचा सदरा चढवला आणि दारात खुर्ची टाकून बसले, जणू पत्रामागून बँडच येणार होता.

पत्रात एवढंच होतं की देशाचं पाणी मोजायचं काम चाललंय, त्यासाठी शहरातली काही घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आहेत, त्यातलं एक तुमचं. सोमवार ते रविवार एक मोजणीबाई घरी येऊन बसेल आणि कोण कशाला किती पाणी वापरतं ते टिपून घेईल. सहकार्य करावे. खाली सही, सहीखाली शिक्का, शिक्क्याखाली पाण्याच्या थेंबाचं हसरं चित्र.

सुनेनं तो थेंब बघितला आणि पाहुण्यांच्या खोलीचं दार ओढून घेतलं.

सासऱ्यांना सगळा भाग चावीवाले म्हणूनच ओळखायचा. चाळीस वर्षं ते पाणीखात्यात व्हॉल्व्ह उघडायचे आणि बंद करायचे. या गल्लीला दोन तास, त्या गल्लीला दीड. छातीएवढी लांब लोखंडी चावी, वर आडवी मूठ, खाली चौकोनी खाच. ते निवृत्त झाले तेव्हा चावी मागायला खातं विसरलं आणि द्यायला ते विसरले. दोन्ही विसरणी एकमेकांच्या संमतीने झाली. चाळीस वर्षांत त्यांनी एक मिनिट उशीर केला नव्हता आणि एकदाही न सांगता पाणी घालवलं नव्हतं. आधी गल्लीतून घंटा वाजवत फिरायचे: "अर्ध्या तासात पाणी जाणार, भरून घ्या!" स्वतःच्या लग्नात भर पंगतीतून उठून ते घंटा वाजवून आले होते, असं सासूबाई असेपर्यंत सांगायच्या. सांगताना हसायच्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वी सासऱ्यांच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं. घंटा न वाजवता. तेव्हापासून पाहुण्यांच्या खोलीत डायलिसिसचं मशीन होतं. रुग्णालय दूर, तिथली रांग त्याहून लांब. म्हणून सुनेनं तीन महिने शिकून घेतलं आणि घरीच सुरू केलं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, चार चार तास. एका वेळेला तीनशे चाळीस लिटर पाणी, तेही थेट नळाचं, कारण साठवलेलं मशीनला चालत नसे; नशिबाने आता गल्लीला सकाळभर पाणी असायचं. आणि प्यायला सासऱ्यांना दिवसाला पाऊण लिटर, खुणा केलेल्या बाटलीतून, घोट मोजून. पिण्याच्या हिशेबात ते जगातले सगळ्यात गरीब, धुण्याच्या हिशेबात नवकोट नारायण. आणि या दुसऱ्या गोष्टीची त्यांना इतकी लाज वाटायची की मशीन चालू असताना ते खिडकी लावून घ्यायचे. गल्लीला आवाज जायला नको.

सोमवारी सकाळी सहाला मोजणीबाई आली. वय बावीस-तेवीस, पाठीला सॅक, काखेत तीन वह्या. तिने प्रत्येक नळाला मीटर बसवलं आणि मग नियम वाचून दाखवले.

"मी भिंतीसारखी. मला बादली उचलायला सांगायचं नाही, नळ बंद करायला सांगायचं नाही. निरीक्षकाने ढवळाढवळ केली तर तिची वेगळी नोंद होते. ही निळी वही घराची, हिरवी शेतीची, लाल कारखान्याची. जगात वापरलेला प्रत्येक थेंब या तिघींपैकी एकीत बसतो."

"आणि नाही बसला तर?" सुनेनं विचारलं.

"बसवायचा."

"आमच्याकडे कसली आलीय शेती?"

मोजणीबाईने अंगणात पाहिलं. "मिरची आहे."

"एक रोप आहे, कुंडीत."

"एक रोप," असं म्हणत तिने हिरवी वही उघडली.

सुनेचा नवरा बाटल्यांची बुचं बनवायच्या कारखान्यात होता. त्याचे कामाचे कपडे धुवायचं पाणी निळ्यात की लालमध्ये, यावर मोजणीबाईने वरच्या कार्यालयाला फोन केला. दहा मिनिटं कुणीतरी तिकडे विचार केला. लाल, असं ठरलं. फक्त मोजे निळ्यात, कारण ते त्याने घरी येतानाही घातलेले होते.

सासऱ्यांना हे सगळं फार आवडलं. निळ्या वहीच्या पाठीमागे जगाचा तक्ता होता. त्यांनी चष्मा पुसून तो मांडीवर घेतला. जगात शंभर बादल्या वापरल्या तर सत्तरएक शेतात जातात, वीसच्या आतबाहेर कारखान्यांत आणि वीजघरांत, उरलेल्या सगळ्या घराघरांत मिळून.

"म्हणजे चाळीस वर्षं मी या उरलेल्या दहा-बारा बादल्यांपायी लोकांच्या शिव्या खाल्ल्या?"

"हो काका."

"आणि त्या सत्तर बादल्यांवर माझी चावी चालतच नव्हती?"

"नाही काका."

"कुणी सांगायचं तरी," सासरे म्हणाले.

पुढच्या पानावर देशांची यादी होती. काही ठिकाणी माणूस घरात दिवसाला पाचशेच्या आसपास लिटर उडवतो, काही ठिकाणी वीसही त्याच्या वाट्याला येत नाहीत. सासऱ्यांनी देशांची नावं वाचलीच नाहीत. ते त्यांना नंबराने हाक मारू लागले, शाळेतल्या पोरांसारखी. "हा दुसरा बघ, सूनबाई. पाचशे लिटर! हा काय हत्ती धुतो रोज? आणि हा शेवटून तिसरा. सतरा लिटर. सतरात अंघोळ, स्वयंपाक, सगळं. याला म्हणतात माणूस!"

"त्याला मिळत नाही म्हणून सतरा, बाबा. हौस नाही त्याला."

"मिळत नाही तरी करतो ना!"

"आणि आपण कितवे?" हे त्यांनी मोजणीबाईला विचारलं.

"ते सगळं गोळा झाल्यावर कळेल. तुमचं घर चाळीस हजार घरांच्या वतीने मोजतायत, काका. तुमच्याकडे जे होईल त्याला चाळीस हजारांनी गुणायचं. तो आकडा देशाच्या आकड्यात, देशाचा जगाच्या तक्त्यात. आणि पुढच्या वर्षी कुणाला किती पाणी सोडायचं तेही त्यावरूनच."

सासऱ्यांची पाठ ताठ झाली. "चाळीस हजार," ते हलकेच म्हणाले. मग त्यांची नजर पाहुण्यांच्या खोलीच्या दाराकडे गेली आणि पाठ पुन्हा वाकली. "ते मशीन कुठल्या वहीत?"

"निळ्या. घरातलंच आहे ना."

मोजणीबाईने सुनेकडून आकडा घेतला, गुणाकार केला, भागाकार केला. "घरातल्या तिघांत वाटलं तरी माणशी रोजचे जवळजवळ पन्नास लिटर नुसते याचेच. बाकीचं वेगळं. तुम्ही शेजाऱ्यांच्या खूप वर जाणार, काका."

"मग मी ते रुग्णालयात जाऊन करतो. त्यांचं पाणी, त्यांची वही."

"जोडपत्र चार," मोजणीबाई म्हणाली. "घरातल्या माणसाने बाहेर वापरलेलं पाणी."

सासऱ्यांनी यादी मिटली. त्या दिवशी त्यांनी पाऊण लिटरातलंही अर्धंच प्यायलं.

मंगळवारी सकाळी मशीन स्वतःच्या तपासणीत नापास झालं. लाल दिवा: पाण्याचा जोर कमी. सुनेनं नळी तपासली, फिल्टर बदलला, मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. लाल. मेकॅनिकने फोनवर कान देऊन ऐकलं आणि गुरुवारी दुपारशिवाय जमत नाही म्हणाला. रुग्णालयातली नर्स म्हणाली, आज इथे एकही खुर्ची रिकामी नाही. पाणी कमी द्या, फळं देऊ नका, पण गुरुवार चुकवू नका. शनिवारनंतर थेट गुरुवार म्हणजे आधीच जास्त झालं.

"आता मशीनच नापास झालं तर मी काय करणार?" सासरे म्हणाले. गेल्या दोन वर्षांत मशीन बिघडलं की ते मेकॅनिकच्या सात पिढ्या उद्धरायचे. आज त्यांनी एकीलाही हात लावला नाही. सुनेच्या हे लक्षात आलं. पण मनात आलेला संशय इतका वेडगळ होता की तिने तो बाजूला ठेवला.

बुधवारी सासऱ्यांची पावलं चपलेत मावेनात. सकाळी मोजणीबाईने बोलता बोलता सांगितलं की एका सुती सदऱ्यामागे कापसापासून धरलं तर अडीच हजारांच्या वर लिटर पाणी गेलेलं असतं, आणि कापूस ज्या देशात पिकला त्याच्या हिरव्या वहीत ते जातं.

"म्हणजे मी दुसऱ्याचं पाणी अंगात घालून हिंडतोय?"

"सगळेच हिंडतात, काका."

सासऱ्यांनी तडक सदरा काढला. दिवसभर बनियनवर बसले. सदरा त्यांनी अंगणात मिरचीच्या कुंडीत एक काठी रोवून तिच्यावर अडकवला, पाखरं येऊ नयेत म्हणून. एका मिरचीसाठी बुजगावणं. सुनेला हसू आलं, मोजणीबाईने हिरव्या वहीत 'बुजगावणे: एक' अशी नोंद केली, आणि विषय तिथेच राहिला.

रात्री सासऱ्यांना आडवं झोपवेना. उशांना टेकून, बसूनच त्यांनी ती काढली.

गुरुवारी सहाला सुनेनं मशीनच्या नळ्या जोडल्या, सुया मांडल्या आणि नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला. बस्स, तेवढंच.

तिने कुंपणावरून शेजारी डोकावलं. शेजारीण धो धो पाण्यात अंगण धूत होती. सून फाटकाबाहेर गेली. घरासमोरच्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यावरचं लोखंडी झाकण सरकवल्याची धुळीत ताजी रेघ होती. हा व्हॉल्व्ह सासऱ्यांनीच तरुणपणी भंगारातून आणून बसवलेला, घराला लागतो त्याच्या चौपट मोठा. हातभर खोल खड्ड्यात त्याचं चौकोनी डोकं, आणि त्या डोक्यावर बसणारी एकच वस्तू. सून आत धावली. चावी टांगायचा दारामागचा खिळा रिकामा होता.

वेडगळ संशय बाजूला ठेवला होता तिथून उठून समोर येऊन उभा राहिला.

सासरे खिडकीपाशी खुर्चीत होते. खांदे प्रत्येक श्वासाला वर चढत होते.

"बाबा, चावी कुठंय?"

"खात्यात... जमा केली."

"कधी?"

"मगाशी. मनातल्या... मनात."

"मंगळवारी अर्धा तुम्हीच बंद केला होतात ना? आणि आज सगळा?"

"रविवार... पर्यंतच गं. मग सोड... पाणी. तीन दिवसांनी... काय होतंय?"

काय होतं ते सुनेला तीन महिने शिकवलं होतं. आधी पाणी फुप्फुसात चढतं, मग रक्तातलं पोटॅशियम काळजाला गाठतं, आणि काळीजही नळासारखा एक उसासा टाकून गप्प होतं. तिने त्यांचे श्वास मोजले. मिनिटाला बत्तीस. रुग्णालयात फोन लावला. नर्सचा आवाज चढला: "तासाभरात मशीन लावा. जमलं नाही तर आणा. गाडी पाठवते, पण पोचायला सव्वा तास धरा." म्हणजे जमलं नाही तर काय, हे गणित नर्सने सोडवून दाखवलं नाही.

नवरा पाळीवर जायला निघालाच होता. तो सायकल घेऊन पाणीखात्याच्या चौकीवर पळाला. पंधरा मिनिटांनी त्याचा फोन आला.

"इथे चावी आहे. पण अर्ज लागतो म्हणतायत."

"मग कर ना अर्ज!"

"केला. त्यावर भागातल्या सगळ्यात जुन्या चावीवाल्याची सही लागते."

"तो कोण?"

पलीकडे अर्जाचा कागद फडफडला. "बाबा," नवरा म्हणाला.

"ऐक, हिसकाव ती चावी आणि ये!"

"साखळीने बांधलीय गं. मी बोलतोय त्यांच्याशी. रडून बघू का?"

"बघ," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पलंगाखाली, कपाटामागे, माळ्यावर, गादीखाली: छातीएवढी लोखंडी चावी वीस मिनिटं शोधूनही कुठे सापडली नाही. तिने तोंडात शिव्या आणि डोळ्यांत पाणी, दोन्ही अडवून धरलं. मोजणीबाई भिंतीला चिकटून उभी होती, खरोखरच भिंतीसारखी, पांढरीफटक. तिन्ही वह्या तिने छातीशी धरल्या होत्या.

सून वळली. "तुमच्या नियमांत शुद्धीकरण केंद्रातून जाणारं पाणी मोजतात का?"

"पान एकतीस," मोजणीबाई घाईघाईने म्हणाली. "नाही मोजत. ते नुसतं जातं."

"ऐकलंत बाबा? या मशीनमध्ये काय होतं? शुद्धीकरण. म्हणजे ही खोली शुद्धीकरण केंद्र. कुठल्याच वहीत जात नाही. द्या चावी."

सासऱ्यांनी डोळे उघडले. खात्याच्या नियमांवर त्यांना झोपेतही कुणी फसवू शकलं नसतं.

"केंद्राला... कुंपण लागतं," ते म्हणाले. "दहा फुटी. आणि... पहारेकरी."

बत्तीसचे छत्तीस झाले होते. ओठांच्या कडा निळसर दिसत होत्या. सून त्यांच्या पायाशी बसली. ओरडून उपयोग नाही, हे तिला दोन वर्षांत कळलं होतं. या माणसावर चाळीस वर्षं अख्खं शहर ओरडलं होतं.

"बाबा, तुम्ही किती घरांचं पाणी बंद केलंत?"

"एक. आपलं."

"हिला विचारा." ती मोजणीबाईकडे वळली. "मोजायच्या पद्धतीबद्दल विचारलं तर तुम्हाला सांगता येतं ना?"

"कलम सहा. सांगावंच लागतं."

"या घरात मशीनवरचा एक माणूस आहे, असं लिहिलंय?"

"लिहिलंय, ताई."

"तुमच्या हिशेबात असे किती झाले?"

"चाळीस हजार."

"आणि त्यांनी या आठवड्यात मशीनला किती पाणी वापरलं?"

मोजणीबाईने वही न उघडताच सांगितलं, "शून्य."

"मग पुढच्या वर्षी त्यांच्यासाठी किती पाणी सोडतील?"

"जेवढं..." तिने निळ्या वहीकडे पाहिलं. "जेवढं वहीत आहे तेवढं."

सुनेनं सासऱ्यांचे सुजलेले पाय हातांत धरले. "चाळीस हजार म्हातारे खिडकीपाशी बसलेत, बाबा. बनियनवर. त्यांना श्वास लागलाय. त्यांच्या सुनांना चावी सापडत नाहीये. तुम्ही त्यांचं पाणी घालवलंत. घंटा वाजवली होती?"

सासऱ्यांचे खांदे वर गेले आणि तिथेच थांबले. त्यांचे डोळे समोरच्या भिंतीवरून हळूहळू फिरले, जणू तिथे एकामागून एक गल्ल्या होत्या आणि प्रत्येक दारात कुणीतरी रिकामी बादली घेऊन उभं होतं.

"नाही," ते म्हणाले. "घंटा... नाही वाजवली."

"मग?"

"सदरा," सासरे म्हणाले. "सदऱ्याखाली."

सून अंगणात धावली. बुजगावण्याचा सदरा तिने ओढून काढला. खाली आडवी लोखंडी मूठ. कालपासून ती ज्या काठीला वळसा घालून मिरचीला पाणी घालत होती ती काठी नव्हतीच. तिने चावी उपटली. मिरची मुळासकट बाहेर आली आणि अंगणात पडली. हिरवी वही तिथेच संपली.

"हळू!" खिडकीतून सासऱ्यांचा आवाज आला, फाटका, पण ड्यूटीवरचा. "चौदा फेरे. एका फेऱ्याला... वीस अंक. घाई केलीस तर पाणी... धावत येतं. जुना सांधा... उडेल. मग महिनाभर... काही नाही. मी चमचा वाजवीन. वाजला की... पुढचा."

बाटलीजवळचा स्टीलचा चमचा त्यांनी हातात घेतला. सुनेनं झाकण सरकवलं, चावी खड्ड्यात सोडली, खाच डोक्यावर बसवली आणि मुठीवर सगळा भार टाकला. व्हॉल्व्ह कण्हला. हलला.

खिडकीच्या गजावर चमचा वाजला. टण्ण.

पहिला फेरा. तिच्या डोळ्यांत घाम उतरला. वीस अंक म्हणजे किती लांब असतात हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. टण्ण. दुसरा. तिसऱ्याला खाली कुठेतरी पाण्याची कुजबुज सुरू झाली. तिला वाटलं, गरागरा फिरवावी आणि आत पळावं. सांधा उडाला तर उडाला. पण उडाला तर मशीनला पाणीच नाही. तिने दात आवळले. टण्ण. चौथा. टण्ण. पाचवा.

सहावा चमचा उशिरा आला. सातवा त्याहून उशिरा, आणि हलका, गजाला नुसता टेकल्यासारखा.

आठवा आलाच नाही.

ती खड्ड्यावर ओणवी होती. तिथून खिडकी दिसत नव्हती. वीस अंक झाले. तीस झाले. कोपऱ्यावरून कुणाचा तरी रेडिओ ऐकू येत होता, कुणीतरी आनंदाने बुटांची जाहिरात करत होतं. चाळीस. "बाबा!" तिने हाक मारली. चावी सोडून आत जावं तर पाणी नाही, पाण्यासाठी थांबावं तर... तिने मूठ सोडली. एक पाय उचलला.

टण्ण.

खणखणीत. ती परत वाकली आणि आठवा फेरा घेतला. बरोबर वीस अंकांवर पुन्हा टण्ण. नववा. टण्ण. दहावा. आता चमचा घड्याळासारखा पडत होता, एक श्वास मागे नाही, पुढे नाही. सावरले, तिला वाटलं. काम मिळालं की सावरतो हा माणूस. पाइपातली कुजबुज वाढून घरघर झाली, घरघरीचा सूर झाला. तेरावा. टण्ण. चौदावा. चावी पुढे फिरेना. सांधा शाबूत होता.

ती धावत आत आली आणि दारातच थिजली.

गजाशी मोजणीबाई उभी होती. उजव्या हातात चमचा, ओठांवर अंक: अठरा, एकोणीस, वीस, टण्ण. चौदा झाले होते तरी थांबायचं तिला सुचलं नव्हतं. डाव्या हाताने तिने सासऱ्यांचं डोकं खांद्याशी सावरून धरलं होतं. त्यांचे डोळे अर्धे मिटलेले, श्वास करवतीसारखा. निळी वही खाली पालथी पडली होती.

"सातव्यानंतर हात खाली आला त्यांचा," ती म्हणाली. "मला कळेना काय करावं. मग मीच..."

"धरा. तसंच धरा."

मशीनने तपासणी सुरू केली. तीन मिनिटं लागतात. दोन वर्षांत ती कधी इतकी लांबली नव्हती. दोघींनी सासऱ्यांना खुर्चीसकट आत ओढलं. पिवळा दिवा लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला, विचार करून थकल्यासारखा थांबला आणि हिरवा झाला. सुनेनं त्यांच्या दंडावरची टपोरी शीर बोटाने शोधली. तिने मनात पुन्हा वीस अंक मोजले. पहिली सुई. दुसरी. लाल रेघ नळीतून चढली, गोल फिरली आणि परत त्यांच्या दिशेने निघाली.

गाडी अर्ध्या तासाने आली. सोबतच्या माणसाने नाडी पाहिली, मशीन पाहिलं, हलवू नका म्हणाला, मी थांबतो म्हणाला, आणि प्यायला पाणी मागितलं. मोजणीबाईने सवयीने वही उचलली: 'पाहुणे: एक पेला.' त्यानंतर नवरा आला, डोळे लाल, हातात साखळीसकट चावी. रडून बघितल्याचा उपयोग झाला होता, पण कुलपाची किल्ली कुणाकडे असते हे चौकीत कुणालाच आठवलं नव्हतं. म्हणून त्यांनी भिंतीतला खिळाच काढून दिला होता.

दुसऱ्या तासाला श्वास अठ्ठावीसवर आला, तिसऱ्याला बावीसवर. ओठांना ओठांचा रंग आला. खिडकी सताड उघडी होती आणि मशीनचा आवाज गल्लीभर जात होता.

मोजणीबाई स्टुलावर बसून ढवळाढवळीचा रकाना भरत होती. बराच वेळ पेन चावून तिने लिहिलं: 'एक चमचा. आठ वेळा. पाणी वापरले नाही.'

"नोकरी जाईल का हो?" सुनेनं विचारलं.

"माहीत नाही, ताई. चमच्यासाठी नियमच नाहीये." ती विचारात पडली. "काकांचं डोकं धरलं ते मी लिहिलंच नाही. ते कुठल्या रकान्यात जातं?"

सासऱ्यांनी डोळे उघडले. आधी नळ्यांकडे पाहिलं, मग मीटरकडे, मग सुनेकडे.

"चाळीस हजारांचं... सुरू झालं?"

सुनेनं त्यांच्या अंगावरची चादर सारखी केली. "झालं, बाबा."

"प्रेशर?"

"शेवटच्या घरापर्यंत आहे."

त्यांनी मान हलवली, चौकीला अहवाल मिळाल्यासारखी. मग अंगणाच्या दिशेने मान वळवली. "मिरची?"

"गेली."

"हं." ते जरा खट्टू झाले. मग मोजणीबाईकडे वळले. "आजचा आकडा किती, पोरी?"

"मशीनचे तीनशे चाळीस, काका. शनिवारचे अजून तेवढेच धरा. तुम्ही फार वर जाणार."

"त्या दुसऱ्या नंबराच्या जवळ?"

"तितकं नाही. पण वरच."

सासऱ्यांनी मोकळा हात पुढे करून निळी वही जवळ ओढली, चष्मा नसतानाही मशीनच्या पाण्याची ओळ बोटाने शोधली आणि तिच्यावर बोट ठेवलं.

"चाळीस हजारांनी गुण," ते म्हणाले. "माझ्यासमोर गुण. एक शून्य राहायला नको."